पाळ कशी फुटली

तलावाची पाळ फुटल्याचं कळलं तेव्हा हेमराज दात घासत होता. आरमोरीजवळच्या त्याच्या गावात ती दरवर्षी त्याच जागी फुटते, त्यामुळे त्याने आधी चूळ भरली. पाळीखालच्या त्याच्या शेताच्या बांधीत धानाचं रोवणं होऊन आठच दिवस झाले होते. तलाव रिकामा झाला की धानही गेलाच.

"यंदा अर्ज करा," त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली. "दगडाची पक्की पाळ मागा. पोरगी इंग्रजीत एम.ए. कायले केली?"

अर्ज मोबाईलवर होता आणि इंग्रजीतच भरायचा होता. पहिल्याच रकान्यावर त्या पोरीचा, पुनमचा, अंगठा अडला.

"बाबा, 'ब्रेक' लिवू का 'ब्रीच'?"

"फरक काय हाये?"

"दोघंबी शब्द एकाच आजीचे नातवंडं. पण ब्रेक म्हणजे काहीबी मोडणं. कप, खाट, सोयरीक. ब्रीच म्हणजे भगदाड. चांद्याच्या परकोटाच्या भिंतीले इंग्रजांच्या तोफेनं पडलं होतं, ते ब्रीच."

"पाणी चाललं ना बाई."

"ब्रीचमधूनच चाललं. तेच सांगून राह्यली."

शब्द ठरून अर्ज गेला, तोवर सुगंधाबाईने आळीतल्या बायका जमवून मातीच्या पोत्यांनी भगदाड बुजवलं होतं. अर्धा तलाव वाचला.

तिसऱ्या दिवशी पाहणीला साहेब आले. "ब्रीच कुठं आहे?"

"बुजवलं, साहेब."

"मग फोटो कशाचा काढू? भगदाड दिसल्याशिवाय पक्की पाळ मंजूर होत नाही." आणि साहेब मोहाच्या झाडाखाली चहा प्यायला बसले.

हेमराजने बायकोकडे पाहिलं. पोती वाहून वाहून तिचे खांदे उतरले होते.

"फोडा," ती म्हणाली. "फोटोपुरतंच."

त्याने दोन पोती ओढली, फावड्याने चार घाव घातले. पाण्याची वीतभर रुंद धार वाहू लागली. साहेब आले, वाकले, फोटो काढला, त्यात फावड्याचे घाव मोठे करून पाहिले आणि मोबाईलवर काहीतरी बदललं. पुनमने मागून डोकावलं.

"बाबा, ब्रीच खोडून 'कट' लिवलं. म्हणजे माणसानं कापलेलं. पक्की पाळ नाई भेटत आता." मग तिने थोडा विचार केला. "शब्द मात्र बरोबर हाये."

"हा कोणाचा नातू?" हेमराजने थकून विचारलं.

"याचा उगम पक्का सापडत नाई. मोठमोठ्या पंडितांनी हात टेकले."

हेमराजने फावडं पाठीमागे धरलं.

"बरं हाये," तो म्हणाला. "तूबी शोधू नोको."

सुगंधाबाई तोवर पुढचं पोतं भरायला लागली होती.