रीतसर सोडलेला उपास

पोरीला डॉक्टरकडे आपणच न्यायचं, असं सेफोनं ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं. (त्याची बायको सिनीवा म्हणालीसुद्धा, "एक दिवस बाजारात बसत नाही, मी नेते." पण ऐकेल तर तो सेफो कसला!)

त्यांची मासिना सोळा वर्षांची. चेहरा मुरमांनी असा पेटलेला, की उशीला गाल टेकला तरी कळवळायची. आणि पुढं चुलतभावाच्या लग्नात शेवटचा मानाचा नाच तिचा! अंगाला खोबरेल चोपडून, साऱ्या गावासमोर, एकटीनं.

"मी नाही नाचणार," पोर म्हणाली आणि दोन दिवस तोंडावरची चादर काढेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी आहे, चांगला गुण येतो. पण तिनं रक्तातली चरबी वाढते. एवढी मुरमं असली की कधीकधी ती आधीच वाढलेली असते. म्हणून रक्त तपासू. उद्या रात्रभराच्या उपासानं आणा."

"उपास ना? निर्धास्त राहा," सेफो छाती फुगवून म्हणाला. तो चर्चचा कारभारी. गावातले सगळे उपास त्याच्याच देखरेखीखाली चालायचे.

संध्याकाळी त्यानं पाद्रीबाबांना बोलावलं. प्रार्थना झाली, उपास धरला. रात्री पोरीनं पाण्याचा घोटही मागितला नाही. पहाटे सिनीवा टोपल्या घेऊन बाजारात गेली, पाद्रीबाबा पुन्हा आले, सगळं रीतसर पार पडलं. मग बापलेक बसनं धक्के खात दवाखान्यात. तिथं ही भलीमोठी रांग. रक्त दिलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई नळी घेऊन आल्या. त्यांचाच चेहरा उतरलेला. खाली लाल, आणि वर पांढरंफेक! जणू आत्ताच नारळ पिळलाय.

"हे... हिचं रक्त?" सेफोनं नळी उजेडात धरून पाहिली.

"मीही हबकलेय. उपास होता ना?"

"कडक! देवाशपथ!"

"मग गोळी देता येणार नाही. इतकी चरबी जिवावर बेतेल. घराण्यातच असावी. उद्या तुम्हीही उपाशी या, दोघांचं रक्त घेऊ."

मासिना हुंदके द्यायला लागली. सेफोला वाटलं, पोर हातची गेली. बसमध्ये तो तिचा हात धरून असा बसला, की कंडक्टरनं तिकीटही मागितलं नाही.

घरी सिनीवानं सगळं ऐकलं. तिनं टोपल्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "रात्री काही खाल्लं नाही?"

"शितही नाही!"

"आणि सकाळी?"

"सकाळी सोडला ना उपास."

"सोडला?"

"अगं, पाद्रीबाबांनी प्रार्थना करून सोडवला! न सोडता निघालो असतो तर उपास अर्धवट नसता राहिला?"

सिनीवा पोरीकडं वळली. "काय खाऊन सोडला?"

"नारळाच्या घट्ट दुधातली अळूची पानं," मासिना नाक पुसत म्हणाली. "आणि टर्कीच्या चरबीनं थबथबलेल्या शेपट्या. बाबा म्हणाले, पाद्रीणबाईंनी पाठवलंय, उष्टं टाकू नकोस."

सिनीवानं कपाळावर हात मारला. "अरे कारभाऱ्या! बाईंना पोटातला उपास हवा होता, चर्चमधला नाही!"

त्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात चटई टाकून झोपली. सकाळी बाजार सोडून स्वतः दोघांना घेऊन गेली. वाटेत कोणी केळं पुढं केलं, तरी डोळे वटारले.

डॉक्टरीणबाई दोन नळ्या घेऊन आल्या. एकीत वरचा भाग पिवळसर, नितळ. "ही मासिना. रक्त झकास आहे, आज गोळी सुरू."

पोर टुणकन उठली.

दुसरी नळी पांढरीफेक. बाई सेफोकडं बघत राहिल्या. "खरंच काही खाल्लं नाही?"

"विचारा हिला!" सेफो किंचाळला.

"नाही खाल्लं," सिनीवा म्हणाली. "मी साक्षीला आहे."

"मग ही चरबी तुमची स्वतःची."

सेफोनं नळीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मासिना फिस्कन हसली. सिनीवानं नवऱ्याला पोटापासून कपाळापर्यंत न्याहाळलं आणि थंडपणे म्हणाली, "पोरीचं तोंडावर तरी फुटलं. हा आतल्या आत पिकतोय!"