वेधशाळेचा घसा बसला

सोमवारी सकाळी सात वाजता वेधशाळाकाकांनी फोनसमोर बसून तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली. ते पाणी प्यायले, खाकरले, पुन्हा प्रयत्न केला. या वेळी लांब कुठेतरी गंजलेलं दार करकरावं तसा आवाज आला आणि तोही मध्येच विझला. घसा पार बसला होता.

दुसऱ्या कोणाचा घसा बसला असता तर घरच्यांनी दोन दिवस शांततेत काढले असते. पण काकांचं दुकान गळाच्या सामानाचं. काठ्या, दोऱ्या, आणि पिसं न् दोरा गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या. ही माशी पाण्यावर अलगद फेकायची, मासा फसतो, मग त्याला धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. "सोडायचाच आहे तर धरता कशाला?" असं काकूंनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी विचारलं होतं. त्याला बत्तीस वर्षं झाली. काकांना उत्तर सुचलं नाही, काकूंनी पुन्हा विचारलं नाही, आणि काकूंना पाण्यावर न्यावं असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्यांच्या गावचा किनारा एरवी उबदार. पण थंडीत उत्तरेचा वारा दोन दिवस सुटला की उथळ खाडी गारठायची आणि मासा खोल पाण्यात जाऊन दडी मारायचा. ऊन पडलं की परत यायचा. कधी, कुठे आणि किती, हे सांगणं येरागबाळ्याचं काम नव्हे. काका रोज पहाटे पाण्यात हात घालून येत आणि दुकानाच्या फोनवर बातमी भरून ठेवत. वारा कुठला, भरती कधी, पाणी कसं, मासा कुठे. ज्याला जायचं त्याने फोन लावायचा आणि ऐकायचं. म्हणून सगळे त्यांना वेधशाळा म्हणत. खरी वेधशाळा अधूनमधून चुकायची, काका चुकत नसत.

"आज राहू द्या ना ती बातमी," काकू म्हणाल्या. "एक दिवस नाही ऐकली तर मासे काय रडणार आहेत?"

काकांनी असे डोळे वटारले की काकूंनी मुकाट्याने हात पुढे केला. "बरं, आणा ती वही. मी वाचते."

काकांनी वही दिली, उजव्या पानावर बोट आपटलं, मग डाव्या पानावर पंजा ठेवून जोरजोरात मान हलवली.

"कळलं हो! नीट वाचेन. तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलंय मी. मला वाचायला शिकवू नका. जा, वाफ घ्या."

त्या वहीत उजवं पान लोकांसाठी असे आणि डावं काकांचं स्वतःचं. हे काकांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनी खाली दुकानात जाऊन चष्मा लावला, वही उघडली आणि कोणीही शहाणं माणूस करील तेच केलं. डावीकडून वाचायला सुरुवात केली.

इकडे काकांनी टॉवेलाखाली तीनदा वाफ घेतली, गुळण्या केल्या, पांघरुणात पडून राहिले. पण खिडकीतून ऊन आत यायला लागलं तसा त्यांचा जीव वर-खाली व्हायला लागला. उत्तरेचा वारा पडून तिसरा दिवस होता. अशा दुपारी जुन्या बर्फाच्या कारखान्यामागच्या वळणावर काळा चिखल तापतो, वरचं पाणी कोमट होतं आणि गारठलेले मासे ऊब घ्यायला तिथे येतात. अकरा वर्षांपूर्वी हे वळण काकांना सापडलं होतं. सापडल्या दिवसापासून त्यांनी त्याचा उल्लेख तोंडातून निघू दिला नव्हता. कोणी विचारलंच तर म्हणत, "तिथे? छे! चिखल नुसता. बूट जातील."

काकू दुकानात आहेत असं बघून काका मागच्या दाराने सटकले. गळ्याभोवती मफलर, खांद्यावर काठी. कारखान्याला वळसा घालून ते चवड्यांवर चालत पुढे आले आणि जागच्या जागी थिजले.

वळणावर अकरा गाड्या उभ्या होत्या. पाण्यात गुडघाभर तीसेक माणसं. काठ्या सटासट हलत होत्या. कोणीतरी चहाही आणला होता.

"आलास का?" पाण्यातून चित्रकलेचे मास्तर ओरडले. शाळेतून निवृत्त झालेले हे मास्तर काकांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आणि सगळ्यात वाईट शिष्य. "घसा बसला म्हणे तुझा. बस तिथेच, बोलू नकोस!"

काकांनी दोन्ही हात हवेत फेकले. निघा! सगळे निघा इथून!

"काका म्हणतायत पांगा," दातांचा डॉक्टर म्हणाला. तो तरुण होता आणि काकांना गुरू मानायचा. "एका जागी गर्दी नको." तीस माणसं शिस्तीत पांगली आणि उरलेला चिखलही ढवळून निघाला.

काकांनी मागे बोट दाखवलं. मागे व्हा! परत जा!

"बरोबर! वारा समोरून आहे, काठीचा झोका मागे आणखी लांब घ्या!" डॉक्टर ओरडला.

मास्तरांनी झोका लांब घेतला. इतका लांब की दोरी थेट काठापर्यंत आली आणि माशी काकांच्या मफलरमध्ये रुतली.

"च्च! झाडात अडकली वाटतं," मास्तर मागे न बघता म्हणाले आणि त्यांनी काठी ओढली. काकांनी बोंब मारली, पण ती ऐकू कोणाला येणार? त्यांनी मफलर सोडवायला हात वर केले, तोवर दुसरा हिसका बसला. काका तीन पावलं पुढे आले.

"सुटतंय, सुटतंय," मास्तर म्हणाले. "मुळं सैल झालीयत."

तिसऱ्या हिसक्याला काका काठावरून घसरले आणि कमरेपर्यंत काळ्या चिखलात जाऊन बसले.

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाला, "ते झाड नाही. ते काका आहेत."

मास्तरांनी वळून बघितलं. थोडा वेळ विचार केला. "मग सोडून देतो," ते म्हणाले.

हसण्याचा असा फवारा उडाला की खाडीत जे काही मासे उरले असतील तेही निघून गेले असावेत. डॉक्टरने काकांना बाहेर काढलं, गाडीतला पंचा दिला. काकांनी बोटाने चिखलावर लिहिलं, "कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? वहिनींनी!" मास्तर म्हणाले. डॉक्टरने फोन लावून काकांच्या कानापाशी धरला. काकूंचा ग्रंथालयातला आवाज, एकेक शब्द सुटा:

"नमस्कार. यांचा घसा बसलाय म्हणून मी वाचते. आज दुपारी तीननंतर बर्फाच्या कारखान्यामागचं वळण. काळ्या चिखलावर पाणी कोमट होईल. पंचवीस-तीस मोठे मासे नक्की. कोणाला सांगू नये. यानंतर उजवं पान. पाणी गार, मासा खोल, आज घरी बसणं उत्तम. दोन्ही पानं जुळत नाहीत, पण लिहिलंय तसं वाचलं. बाहेर गारठा आहे, गळा झाकून जा. यांनी झाकला नव्हता. धन्यवाद."

काकांनी डोळे मिटून घेतले.

"अकरा वर्षं!" मास्तर आता हसत नव्हते. "अकरा वर्षं मला सांगतोस, इथे बूट जातील. आणि मी तुझ्या शब्दावर दर हिवाळ्यात तिकडे पुलाखाली काकडत उभा राहतो!"

काकांनी चिखलावरचा आपला प्रश्न तळव्याने पुसून टाकला.

घरी काकूंनी दार उघडलं. समोर कमरेखाली चिखलाने काळे आणि कमरेच्या वर रागाने लाल झालेले काका उभे. काकांनी खुणेने पाटी मागितली आणि खडूने खरवडून लिहिलं, "डावं पान खाजगी!"

"मग तसं लिहायचं वर! ग्रंथालयात खाजगी पुस्तकं कपाटात ठेवतात, वाचायला देत नाहीत." काकूंनी गरम पाण्याची बादली पुढे सरकवली. मग त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे तुम्ही या लोकांना इतकी वर्षं अर्धंच सांगत होतात? ती भोळी माणसं तुमच्यावर विश्वास ठेवून पहाटे उठतात हो."

काकांनी खडू उचलला आणि परत खाली ठेवला.

"उद्यापासून मी कागदावरचं काही वाचणार नाही," काकू म्हणाल्या. "स्वतः येईन, स्वतः बघेन आणि मगच सांगेन. मला खोटं वाचायची सवय नाही."

मंगळवारी पहाटे काकू काकांचे जुने बूट घालून त्यांच्याबरोबर खाडीवर आल्या. पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, किंचाळल्या आणि दुकानात जाऊन बातमी भरली. "धुण्याची बादली बाहेर विसरली की सकाळी जसं पाणी लागतं, तसं आज आहे. मासा मला दिसला नाही. यांना दिसला, पण यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवा. बगळे मात्र पुलाच्या डाव्या बाजूला बसलेत. ते उगीच बसत नाहीत."

बगळ्यांची गोष्ट खरी निघाली. मास्तरांना पुलाच्या डाव्या बाजूला आयुष्यातला पहिला मोठा मासा मिळाला. ते आनंदाने रडले आणि काकांशी पुन्हा बोलायला लागले. बुधवारी फोन दुप्पट आले. ज्यांनी जन्मात काठी धरली नाही असे लोकही सकाळच्या चहाबरोबर काकूंची बातमी ऐकायला लागले. पोस्टातल्या बाईंनी तर निरोप ठेवला, "काका, बरे व्हायची घाई करू नका."

काका रोज पहाटे काकूंना घेऊन जात. हाताने वारा दाखवत, बोटांनी भरतीच्या वेळा सांगत. काकू प्रश्न विचारत. वारा असा का वळला? ते काळं काय हललं? बत्तीस वर्षांत दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ बघितलं नव्हतं, कारण काका मुके असल्यामुळे त्यांच्याकडे बघितल्याशिवाय काही कळायचंच नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी दोघं बर्फाच्या कारखान्यामागे गेले. एवढी गर्दी होऊन गेल्यावर तिथे मासा असेल असं कोणालाच वाटत नव्हतं, त्यामुळे वळण मोकळं होतं. दोघं काठावर उकिडवे बसले. ऊन पाठीवर आलं. चिखलावरचं पाणी हललं आणि त्यातून एक चंदेरी शेपटी वर आली. मग दुसरी. मग पाच-सहा.

"अहो!" काकू ताडकन उभ्या राहिल्या. "अहो, ते बघा, केवढ्या शेपट्या!"

"खाली बस!" काका खणखणीत आवाजात ओरडले.

पाण्यात एकदम खळबळ झाली आणि सगळ्या शेपट्या नाहीशा झाल्या. काकांनी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग?

काकू सावकाश खाली बसल्या. "गुरुवारपासून माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "झोपेत बोलता तुम्ही. चांगलं स्पष्ट बोलता."

"मग सांगितलं का नाहीस?" काकांचा चेहरा पडला होता.

"आणि तुम्ही का नाही सांगितलंत?"

काकांनी बुटांवरचा चिखल खरवडला. "आवाज आला म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर तू दुसऱ्या दिवशी घरी राहिली असतीस."

काकूंनी पाण्याकडे बघितलं. लांबवर एक शेपटी परत वर आली होती.

"डॉक्टर म्हणत होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "असा घसा कधीकधी अख्खा हिवाळा बसलेलाच राहतो."

"तो दातांचा डॉक्टर आहे," काका म्हणाले.

"मग काय झालं? तोंडाचाच ना?"

काकांनी तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं आणि ते अलगद मिटून घेतलं. मग बोटाने शेपटी कुठल्या बाजूला सरकतेय ते दाखवलं.