पाटलाचं इंजिन, शेठची गाडी

गुलाबराव फिटर कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याला लाटणं लावत. लाटण्याचं एक टोक इंजिनवर, दुसरं कानाशी, डोळे मिटलेले. शेजारी कुणी शिंकलं तरी हात वर करून त्याला गप्प करत. मग डोळे उघडून निदान सांगत, "हे खोकून नाई राह्यलं. हे रुसून राह्यलं." त्या लाटण्यानं पोळी कधी पाहिली नव्हती, कारण गुलाबरावांच्या घरी पोळ्या लाटणारं कुणी नव्हतं.

तेही एका इंजिनामुळंच. तरुणपणी ते हिंगणीला मुलगी पाहायला गेले होते. मुलगी पोहे घेऊन आली आणि नेमकी शेजारची पिठाची गिरणी अडखळायला लागली. गुलाबराव थोडा वेळ चुळबुळले, मग सरळ उठून गेले. गिरणी सुरळीत करून, हात पुसत परत आले तेव्हा पोहे गार झाले होते आणि मुलीचे वडील गरम. "तिचं भलंच झालं, मास्तर," ते मला म्हणाले होते. "गिरनी अजूनई चालू हाये."

मी तेव्हा आर्वीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो आणि गुलाबराव जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. यंत्राच्या बाबतीत त्यांनी कुणाची भीड ठेवली नाही. एका बड्या साहेबांनी नवी स्कूटर कौतुकानं दाखवली आणि ती चढावर दम का टाकते ते विचारलं. गुलाबरावांनी लाटणं लावलं, साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "गाडी ठीक हाये साहेब. बसनारा जड हाये." म्हणूनच त्यांच्या शब्दाला गावात पंचाच्या शब्दाइतकं वजन होतं.

ऐंशी सालाच्या आसपास आर्वीत मोटारशर्यतीची टीम निघाली. नागपूरजवळच्या एका माळरानावर दर हिवाळ्यात हौशी लोकांच्या शर्यती व्हायच्या. आमच्या टीमची गाडी कापसाचे व्यापारी किशोरशेठ यांची, इंजिन त्यांचे जुने दोस्त जगनराव पाटील यांचं. पाटलांच्या अंगणात निंबाखाली एक जीप नुसती उभी होती, तिचं. गुलाबरावांनी ते इंजिन शेठच्या गाडीत बसवलं. इंग्रजी फॉर्म भरायला कुणीतरी हवं म्हणून मी सेक्रेटरी.

पहिल्या वर्षी गाडी अर्ध्या फेरीत थांबली. दुसऱ्या वर्षी तिनं शर्यत पूर्ण केली, पण तोवर बक्षीस समारंभ सुरू झाला होता. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात आमची गाडी धूर सोडत मंडपापाशी आली, तेव्हा पाहुण्यांना वाटलं ही त्यांना न्यायला आली.

त्यानंतर शेठ आणि पाटलांचं बिनसलं. शेठ म्हणत, इंजिन भंगार आहे. पाटील म्हणत, गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट आहे. "मी नागपूरहून नवं इंजिन आनतो, हे फेकून देतो!" शेठ एकदा म्हणाले.

"फेकून तर पाहा!" पाटील इतके चवताळले की वीस वर्षांची दोस्ती त्या दिवशीच संपते असं मला वाटलं. एका जुन्या इंजिनासाठी माणूस इतका का पेटतो, हे कुणालाच कळेना.

शेवटी ठरलं, गुलाबराव सांगतील ते खरं.

एका रविवारी सकाळी फॅक्टरीच्या आवारात तपासणी झाली. निम्मं गाव जमलं. मी वही घेऊन अहवाल लिहायला बसलो. गुलाबरावांनी गाडी नाल्याच्या चढावर नेली, आणली, मग सांगू लागले.

"लिवा मास्तर. डाव्या चाकाले गर्व झाला हाये. गिअरबॉक्स सासुरवाशीन हाये, सोसून राह्यला, बोलत नाई."

"इंजिनचं सांगा!" शेठ ओरडले.

गुलाबरावांनी इंजिन खोललं. एक झाकण काढून उलटं केलं आणि तसेच थांबले. मी जवळ होतो, मलाही दिसलं. आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलं होतं, 'बाळू'. पाटलांचा धाकटा भाऊ. ती जीप त्याची. काविळीनं गेला, त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

गुलाबरावांनी झाकण फडक्यानं हळू पुसलं, पुन्हा जागेवर ठेवलं.

"मामला साफ हाये," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "गाडी चांगली. इंजिनई चांगलं. बसवतानी मीच चुकलो. दोष फिटरचा."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. शेठ पाटलांकडे पाहून म्हणाले, "म्हंजे आपन दोघं फुकटच भांडून राह्यलो का?" आणि दोघं फॅक्टरीतून बरोबरच बाहेर पडले.

त्या वर्षी गुलाबराव दोन महिने त्या इंजिनाशी झुंजले. गाडी शेवटून पहिली आली, पण भाषणांच्या आधी आली. शेठ आणि पाटील मंडपात गळ्यात गळे घालून नाचले. इंजिन जागेवरच राहिलं.

गुलाबरावांचं मात्र काही राहिलं नाही. "फिटरचे कान गेले" असं गावात झालं. गिरणीवाले वर्ध्याचा मिस्त्री बोलवू लागले. साहेब स्कूटरवरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवत.

एकदा एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर मी विचारलंच, "फिटर, इंजिन खरंच चांगलं होतं?"

"कायचं चांगलं? पार संपेल हाये," ते म्हणाले. त्यांनी चहा बशीत ओतला, पण उचलला नाही. "ते झाकन बाळूनं माह्यासंगं बसून लावलं होतं. नाव कोरलं म्हून म्या त्याले झापला. मशीन का तुही पाटी हाये, म्हनलं. हसत होता लेकाचा."

समोर एक एस.टी. खोकत सुरू झाली, पण त्यांनी कान तिकडे वळवला नाही.

"तो मले काका म्हने, मास्तर. बाकी सारं गाव फिटर म्हन्ते."

मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो होतो. बशी त्यांच्यापुढे सरकवताना 'घ्या काका' अगदी ओठांशी आलं, पण ते माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे.

"घ्या, गुलाबराव," मी म्हणालो. "गार होतोय."