मैदान उत्तम स्थितीत आहे

माणसाला खेळावंसं वाटलं तर त्याने लगेच खेळू नये. आधी सोय करावी. सोय पूर्ण होईपर्यंत इच्छा बहुधा आपोआप शमते आणि सोय मात्र कायम राहते. सुधारलेल्या समाजाचं हेच लक्षण आहे, आणि या बाबतीत माझ्या भाऊजींचं घर आमच्या सगळ्या नातेवाइकांत पुढारलेलं आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लिफ्ट तपासणी अधिकारी. लिफ्टमध्ये 'चार माणसे अथवा २७२ किलो' अशी पाटी असते ना, ती नीट लागली आहे की नाही हे बघण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली. (एकही पाटी अद्याप पडलेली नाही.) ऑफिसातून आले की ते आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी भिंगरी मागच्या अंगणात बॅडमिंटन खेळत. अंगण उंचसखल. नेट म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. रेघा नव्हत्याच, शटल आत पडलं की बाहेर, हे जो जास्त मोठ्याने ओरडेल तो ठरवी. भाऊजी रोज हरत आणि हसून हसून त्यांना ठसका लागे. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांच्याही विरुद्ध निकाल देई.

थोडक्यात, परिस्थिती चिंताजनक होती.

ती उघडकीस आली ओल्या गवतावरून भाऊजींचा पाय घसरला तेव्हा. उजव्या हाताची करंगळी मुरगळली. पट्टी बांधलेलं बोट वर धरून ते म्हणाले, "हा अपघात नाही. ही त्रुटी आहे."

"अहो, चपला घालून धावलात म्हणून पडलात," ताई म्हणाली.

या मताची नोंद घेण्यात आली. (दखल नाही.)

दुसऱ्याच दिवशी टर्फवाला, म्हणजे नकली गवत बसवणारा, आला. त्याने अंगणाकडे असं पाहिलं, जसं दातांचे डॉक्टर आपल्या दातांकडे पाहतात. "हे सगळं काढावं लागेल," तो म्हणाला. "खाली खडी, वर टर्फ. आठ दिवसांत असं हिरवंगार करून देतो, की खरं गवत लाजेल."

लाजण्याची वेळ खऱ्या गवतावर आली नाही. ते आधीच उपटण्यात आलं. ताईचा पुदिना एका बादलीत स्थलांतरित झाला. मग खडी आली, ती दाबायला धडधडणारं यंत्र आलं, ते बिघडलं, ते दुरुस्त करणारा आला, त्याचं लग्न ठरलं. टर्फच्या गुंडाळ्या आल्या त्या वेगवेगळ्या हिरव्या रंगांच्या. त्या परत गेल्या. आठ दिवसांचे अकरा आठवडे झाले. (आकडा तीनानेच वाढतो, फक्त दिवसांचे आठवडे होतात.) या काळात भिंगरी रोज विचारी, "बाबा, आज खेळायचं?" आणि भाऊजी समाधानाने सांगत, "सोय होतेय."

अखेर सोय झाली. खरं सांगतो, दृष्ट लागावी असं मैदान. पांढऱ्या रेघा, ताणलेलं नेट, कुठे एक पान नाही. आणि दाराशी, अर्थातच, पाटी:

१. बाहेरचे बूट घालून येऊ नये.
२. अनवाणी येऊ नये. (दुपारनंतर टर्फ तापतं.)
३. खेळण्यापूर्वी पाणी शिंपडावे.
४. ओल्यावर खेळू नये.
५. खेळून झाल्यावर उलट्या दिशेने ब्रश फिरवावा.
६. खुर्ची, पक्षी व पुदिना यांस मनाई.

तिसऱ्या आणि चौथ्या नियमाच्या मधल्या काळात, म्हणजे पाणी वाळल्यापासून अंधार पडेपर्यंत, खेळायला पूर्ण मुभा होती. पहिल्या महिन्याची आकडेवारी पुढीलप्रमाणे: ब्रश फिरवणे, सव्वीस तास. पाहुण्यांना मैदान दाखवणे, चौदा तास. प्रत्यक्ष खेळ, चाळीस मिनिटं. त्यातली पंचवीस वादात गेली, कारण आता रेघा होत्या. भाऊजी गुडघ्यांवर बसून रेघ तपासत आणि शटल तीन बोटं बाहेर पडल्याचं जाहीर करत. तीन बोटांवर त्यांनी पहिल्यांदाच भिंगरीला हरवलं. ती रॅकेट ठेवून म्हणाली, "बाबा, आधी तू हरलास की हसायचास. आता जिंकलास तरी हसत नाहीस."

भाऊजींनी ब्रश उचलला.

त्यानंतर ती पलीकडच्या शिंपीकाकांच्या अंगणात जाऊ लागली. तिथे चिखल, मोडकं पिंप, शिंपीकाका, त्यांच्या दोन मुली आणि एक फुटकं शटल. भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येई. भाऊजी अलीकडे एकटेच पाणी शिंपडत. सहा दिवस त्यांनी कान बंद ठेवले. सातव्या दिवशी ते तपासणीसाठी स्टुलावर चढले.

"या की साहेब," शिंपीकाका म्हणाले, "एक माणूस कमीच पडतोय."

"मी फक्त बघतोय," भाऊजी म्हणाले, आणि भिंतीवरून उतरले. पलीकडे. चपला घालून. पाचव्या मिनिटाला ते चिखलात बसलेले होते आणि भिंगरी त्यांच्या पाठीत गुद्दे घालत म्हणत होती, "हरलास! हरलास!" ताईला खिडकीतून दिसत काही नव्हतं, पण ठसका ओळखीचा होता. तिने गॅस बंद केला आणि तीही गेली.

आता ते सहाजण रोज पलीकडेच खेळतात. अलीकडचं मैदान उत्तम स्थितीत आहे. टर्फवाला नवीन गिऱ्हाइकांना ते अभिमानाने दाखवतो: "बघा, वर्ष झालं, एक सुरकुती नाही!"

गेल्या आठवड्यात शिंपीकाका मात्र थोडे संकोचून म्हणाले, "साहेब, तुम्हाला रोज चिखलात खेळावं लागतं, बरं दिसत नाही. म्हटलं, आपणही टर्फ करून घ्यावं." आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून एक टोक भाऊजींच्या हातात दिलं. भाऊजींनी मग टेपचं टोक भिंतीला नीट टेकवलं, कारण माप चुकलेलं त्यांना सहन होत नाही.

ही हकीकत मी आजवर अकरा जणांना सांगितली. अकराही जण पोट धरून हसले आणि अकराही जणांनी शेवटी एकच विचारलं: "त्या टर्फवाल्याचा नंबर आहे का?" तुम्ही विचारणार नाही, तुम्ही समंजस आहात. तुम्ही फक्त मघापासून मनातल्या मनात घरामागची जागा मोजताय. लांबी बसतेय. रुंदी थोडी कमी पडतेय, हो ना?