टर्बोला बर्फ

गारवा या विषयात मला कोणी अक्कल शिकवू नये! बावीस वर्षं मी एका शीतगृहाचा सुपरवायझर आहे. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत बटाटे कुडकुडले पाहिजेत ही माझी जबाबदारी, आणि ते कुडकुडतात. त्यामुळे माझी लाल गाडी उकाड्यात दम टाकते असं मेकॅनिक म्हणाला, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे. स्पोर्ट्स कार! दोनच सीट, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि आत इंजिनात हवा दाबून कोंबणारा टर्बो. माझ्याआधी दोघांनी वापरलेली, पण ते आपण कुणाला सांगत नाही. थंडीत ती अशी उसळायची की मान मागे जायची. उन्हाळा लागला, हवा दमट झाली आणि तिने अंगच टाकलं. पेडल तळाला टेकवलं तरी आधी ती विचार करायची.

"साहेब, गरम हवा विरळ असते, त्यात हा दमटपणा," मेकॅनिकने समजावलं. "टर्बो तीच हवा आणखी तापवतो. मग इंजिन जपायला गाडीतला कॉम्प्युटर आपणहून ताकद कमी करतो. बिघाड काही नाही. भर दुपारी घाट चढू नका, एवढंच."

आणि मला नेमका भर दुपारीच घाट चढायचा होता!

कारण माझे सासरे. त्यांनी छत्तीस वर्षं बस चालवली आणि एकदाही उशीर केला नाही. दरड कोसळो, ताप चढो, बस ठरल्या मिनिटाला फलाटावर! घाटमाथ्यावरच्या डेपोत रविवारी चार वाजता त्यांचा सत्कार होता. ढाल मिळणार होती, आणि तिच्यावर 'एकदाही उशीर नाही' असं कोरलेलं होतं. महिनाभर ते रोज त्या ढालीसाठी भिंतीवर जागा शोधत होते. मी जाहीर करून टाकलं, "बाबांना मी नेणार!"

"बाबा बसनेच जातील," बायको म्हणाली. "आमच्याबरोबर, एकच्या बसने."

"सत्काराच्या दिवशी बसने?"

"त्यांना बसच आवडते."

"अगं, लाल गाडीतून उतरतील! लोक बघत राहतील!"

खरं सांगतो, लोक हे निमित्त होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण माझ्या गाडी चालवण्याबद्दल सासऱ्यांनी एक चांगला शब्द काढलेला नाही. वाईटही काढलेला नाही, आणि तेच जास्त झोंबतं. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'छान' ऐकायचं होतं.

म्हणून मी डोकं चालवलं. इंजिनाला गार हवा हवी ना? बर्फाचा माझ्याकडे काय तुटवडा! रविवारी सकाळी शीतगृहातून बर्फाच्या आठ पिशव्या आणल्या. हवा आत घेणारा पाइप आणि एअर फिल्टरचा डबा, दोन्हींभोवती पिशव्या लपेटून वर सुतळीने आवळल्या. एसी चालवला तर इंजिनावर भार येतो, म्हणून एसी बंद. काचा उघड्या ठेवल्या तर वारा अडवतो, म्हणून काचाही बंद!

सासरे जुना खाकी गणवेश चढवून आले. कडक इस्त्री, गळ्यापर्यंत बटणं. गाडीत बसायला त्यांना जवळजवळ झोपावं लागलं.

अडीचला निघालो. आणि काय सांगू! गाडी सुटली! पहिली चार वळणं तिने अशी घेतली की मीच घाबरलो. आतमध्ये मात्र भट्टी. माझ्या कोपरावरून घाम टपकत होता. सासऱ्यांच्या गणवेशाची इस्त्री माझ्या डोळ्यांदेखत मोडली. ते समोर बघत गप्प. मी समजलो, भारावलेत!

"कशी आहे गाडी, बाबा?"

उत्तर नाही. भारीच भारावलेत!

सातव्या वळणावर गाडी जरा मंदावली. आठव्यावर पाण्याचा टँकर पुढे गेला. नवव्यावर एका स्कूटरवरून नवरा, बायको आणि गादीची गुंडाळी, असे तिघे आम्हाला मागे टाकून गेले. गादीसुद्धा! मी पेडल दाबतोच आहे. दहाव्या वळणावर गाडीने एक उचकी दिली आणि ती थांबली. अगदी मधोमध. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला रस्त्याचं काम.

बॉनेट उघडलं तर आत पावसाळा! पिशव्या वितळलेल्या. पाइपला आतून-बाहेरून दरदरून पाणी सुटलेलं. कागदी फिल्टर बाहेर काढला, तर भिजून लगदा झालेल्या वर्तमानपत्रासारखा माझ्या हातात लोंबला. इंजिनाला श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती!

आणि मग मला जे आठवलं, ते तुम्हाला सांगायलाही लाज वाटते. दमट हवा थंडाला लागली की पाणी सुटतं. हे वाक्य मी शीतगृहात दिवसातून वीस वेळा ओरडतो. दार उघडं राहिलं म्हणून मी माणसांना घरी पाठवलं आहे!

"बॉनेटमधून पाणी ठिबकत होतं," सासरे शांतपणे म्हणाले. "सहाव्या वळणापासून."

"बाबा! मग बोलला का नाहीत?"

"चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."

एवढ्यात मागून बस आली. चाराला दहा कमी असताना वर पोचणारी, सासऱ्यांनी आयुष्यभर चालवलेली तीच फेरी! ड्रायव्हरने त्यांना ओळखून सलाम ठोकला. मी हात जोडून म्हणालो, "बाबांना बसमध्ये घ्या, म्हणजे मी सुटलो!"

"घेतो की," ड्रायव्हर म्हणाला. "पण बस जाणार कुठून? रस्त्यात तुम्ही!"

चाळीस प्रवासी खाली उतरले. गाडी पुढच्या रुंद जागेपर्यंत चढावर ढकलायची होती. एवढी बुटकी गाडी, धरायला कुठे जागाच नाही! एकाचा हात घसरला, दुसऱ्याची चप्पल तुटली. एक आजी मला विचारतात, "मुला, खेळण्यातली आहे का रे?" सासरे घड्याळाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. मला धीर होत नव्हता.

सासऱ्यांना घेऊन बस गेली तेव्हा चाराला दहा कमी होऊनही गेले होते. मी कठड्यावर फिल्टर वाळत घातला आणि शेजारी बसलो. बरोबर चारला फोन वाजला.

"कुठे आहात?" बायको कुजबुजली. "सुरू झालं! खुर्ची रिकामी आहे!"

"थोडं थांबवा ना!"

"हे बसवाले लोक आहेत! चार म्हणजे चार!"

आणि तिच्या मागून ध्वनिक्षेपक मला स्पष्ट ऐकू आला, "छत्तीस वर्षांत ज्यांना एकदाही उशीर झाला नाही, असे आपले..." मग टाळ्या. मग टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी खाकरलं. मी फोन बंद केला आणि चक्क रडलो. एक ट्रकवाला थांबून पाणी देऊन गेला.

उन्हं उतरली. वारा सुटला, फिल्टर वाळला आणि ती भवानी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली! उरलेला घाट तिने बाणासारखा चढला. आता कोणासाठी, ते तिलाच ठाऊक.

डेपोत खुर्च्या रचून ठेवत होते. सासरे बाकावर बसले होते. हात रिकामे.

"ढाल?" मी बायकोला विचारलं.

"परत केली," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "अकरा मिनिटं उशिरा पोचले. म्हणाले, यावर लिहिलंय ते आता खरं नाही. सगळ्यांनी विनवलं, तुम्ही तर निवृत्त आहात. तर म्हणतात, मी निवृत्त झालोय, घड्याळ नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. "बाबा," मी कसंबसं म्हणालो, "तुम्ही सगळ्यांबरोबर बसनेच जा."

"नाही," ते उठले. "तुमच्या गाडीने निघालो होतो. फेरी पूर्ण करायची असते."

मला भरून आलं. निदान परतीची फेरी तरी अशी करायची की त्यांनी नाव काढावं! आणि गाडीनेही लाज राखली. एक उचकी नाही, एक झटका नाही. टँकर मागे पडला, ट्रक मागे पडला. घराच्या दारात मी गाडी अलगद उभी केली, इंजिन बंद केलं आणि एकोणीस वर्षांचं धाडस गोळा करून विचारलं, "बाबा, आता तरी सांगा. कशी पळाली?"

सासऱ्यांनी दार उघडलं. एक पाय बाहेर ठेवला, दुसरा हाताने उचलून बाहेर घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले,

"जावईबापू, तो उतार होता."