दामूकाकांच्या मांडवाचे खांब

आमच्या बिल्डिंगमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक माणसाला तळमजल्यावरचे दामूकाका एकच प्रश्न विचारतात. "अंगणात लावायचं झालं, तर शेवगा की मायाळू?" कुरिअरवाल्याला विचारतात, गॅसवाल्याला विचारतात. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्याला तर एकदा उत्तर मिळेपर्यंत मीटरची खोलीच दाखवली नाही. आता आमच्या या फुलपाड्याच्या वस्तीत अंगण कोणाला आहे हो? इथे दोन बिल्डिंगांच्या मधून मांजरसुद्धा अंग चोरून जातं. पण काकांना त्याचं काय!

आधी असे नव्हते. मुलगा-सून दिवसभर नोकरीला, हे खिडकीत पेपर घेऊन बसलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या वर्षी कुठून हे खूळ डोक्यात शिरलं देव जाणे. आणि मी पडले सोसायटीची सेक्रेटरी. त्यामुळे "काकांना आवरा" म्हणून जो तो माझ्याच दारात.

बरं, प्रश्न विचारून थांबतील तर ते काका कसले! "हे बघ, मी कोणाच्या बाजूचा नाही हां," अशी सुरुवात करायची आणि मग अर्धा तास एकट्या शेवग्याची वकिली. शेवग्याची फांदी खोचली की विसरून जा. पाला खा, फुलं खा, शेंगा खा. सावली पण जाड नाही, खाली मिरची-कोथिंबीर होते. मायाळूबद्दल विचाराल तर ओठ काढून म्हणणार, "वेल आहे. चढतो." बस्स. ही यांची तुलना!

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही हे जिन्यात उभे. प्रश्न विचारला. मुलगा बिचारा घाबरून म्हणाला, "शेवगा." झालं! काका पाहुण्यांच्या मागोमाग आमच्या हॉलमध्ये. "सुनंदा, डोळे मिटून दे मुलगी. मुलगा शेवगा आहे!" मुलगा अंगाने जरा बारीक. त्याच्या आईला वाटलं, त्यावरूनच बोलताहेत. पोह्यांची बशी तिने जी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. लग्न जमलं, पण त्या शेवग्याचा खुलासा करता करता माझ्या नाकी नऊ आले. अजून विहीणबाई शेवग्याच्या शेंगांची आमटी केली की मला फोन करून सांगतात.

मागच्या बाजूला, काकांच्या खिडकीखाली, मातीचा एक पट्टा आहे. पलीकडे गाड्या लागतात. तिथे काहीतरी लावू या, असा विषय मीटिंगमध्ये निघाला आणि मी मनात म्हटलं, मेले. काका उठलेच. "मी कोणाच्या बाजूचा नाही हां..."

इतर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून "काहीही लावा, पण आटपा" म्हणायला लागले. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर ऐकत होते ना! मी उभी राहिले आणि सरळ सुनावलं. "काका, शेवग्याचं कौतुक पुरे. त्याचं लाकूड पापडासारखं. जरा वारा सुटला की फांदी गाडीवर. खोडावर सुरवंट बसले की पोरं आठवडाभर अंग खाजवत बसणार. शेंगा लागणार तिसऱ्या मजल्यावर, काढायला काय अग्निशमन दल बोलवायचं? मायाळू बघा. हात वर केला की पानं. दोन पानं तोडली की चार फुटतात. पिठात बुडवून भजी केली तर घरातलं भांडण मिटतं. शेवग्याची भजी खाल्लीत कधी?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. चिडतील असं वाटलं होतं, तर यांचे डोळे चमकायला लागले. "पुन्हा बोल," म्हणाले. "ते पापडाचं पुन्हा बोल." मी कपाळावर हात मारला.

मायाळू ठरली. माझ्याच बाल्कनीतल्या कुंडीतली कांडी लावायची. आणि काका म्हणाले, मांडव मी घालतो. हरलेला माणूस इतक्या उत्साहाने मांडव घालायला निघतो, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. रविवारी भुईगावला त्यांच्या वाडीत गेले आणि टेम्पोत चार खांब घालून आले. जाड, करडे, चांगले डोक्याइतके उंच. रोवले, वरून काठ्या बांधल्या, सुतळीने माझी कांडी खांबाला इतकी हळुवार बांधली की मीच म्हटलं, काका, तुमच्या शत्रूची कांडी आहे ती, विसरलात का?

पावसाळा लागता लागता वेल कमरेपर्यंत आला. आणि एके सकाळी चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मला खाली ओढत नेलं. चारही खांबांना पालवी फुटली होती. बारीक, गोल गोल, हिरवीगार पानं. शेवगा! चार-चार शेवगे!

"काका!" मी त्यांच्या खिडकीतून आत ओरडले.

"हे बघ, मी कोणाच्या बाजूचा नाही हां. मी खांब रोवले. खांबांना पालवी फुटली तर मी काय करू?"

कमिटी खवळली. गाडीवाले तर जास्तच. म्हातारा आपल्याला उल्लू बनवतो म्हणजे काय! खांब उपटून टाका, लोखंडी पाइप लावा, असं ठरलं. आणि उपटायचे कोणी? सेक्रेटरीने! रविवारी काका घरी नसतात, म्हणून मी मुद्दाम रविवार धरला. शेजारून कोयता मागून आणला, पदर खोचला आणि मागे गेले. पहिल्या खांबाला हात घालते, तर मागून आवाज. काका लवकर परतले होते. पिशवी हातातच. कोयता त्यांनी बघितला.

"सुनंदा, बरी भेटलीस. तू मीटिंगमध्ये म्हणालीस ना, शेंगा काढायला कोणाला बोलवायचं?"

"अग्निशमन दल. का?"

"हां, तेच! आठवेचना मला. मी म्हटलं पोलीस. दादाला पटलंच नाही. बघत बसला नुसता."

"कोण दादा?"

मग काका तिथेच कठड्यावर बसले आणि मला पहिल्यांदा शेवगा सोडून दुसरं काही ऐकायला मिळालं. दादा म्हणजे मोठा भाऊ. भुईगावची वाडी त्यांनीच सांभाळली. अंगणात त्यांची मायाळू, यांचा शेवगा, आणि चांगलं काय यावरून दोघांचं पोरवयापासून भांडण. काकांनी शेवगा छाटला की दादा त्याच ओल्या फांद्या मांडवाला रोवायचे. म्हणायचे, "तुझ्या शेवग्याचा उपयोग एवढाच, माझ्या मायाळूला टेकू." खांबांना पालवी फुटली की काका म्हणायचे, "बघ, तोडला तरी तुझ्या वेलाला पोसतोय." त्यांच्या घरी मांडव असाच घालतात. दुसरा मांडव काकांना ठाऊकच नव्हता.

"गेल्या वर्षी दादाला लकवा झाला," काका म्हणाले. "वाचा गेली. मी दर रविवारी जातो, खाटेशी बसून शेवग्याची थोरवी सांगतो. वाटतं, आता उठेल, आता शिव्या घालेल. तो गप्प. त्याच्या बाजूने कोणीतरी बोलायला नको का ग? मी प्रयत्न केला. पण मला मायाळूचं चांगलं बोलताच येत नाही, आयुष्यात सवय नाही. म्हणून लोकांना विचारतो. लोक म्हणतात, काहीही लावा. तू एकटी भांडलीस. तुझं ते पापडाचं मी जाऊन सांगितलं, तर दादा हसला. चांगल्या हाताने खाटेवर थाप मारली त्याने!"

माझ्या हातातला कोयता मला जड झाला. वर्षभर मी या माणसाला चुकवत जिना चढले होते. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले, "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

खांब तिथेच आहेत. कमिटीला मी सांगितलं, शेंडे दर वर्षी पावसाआधी डोक्याच्या उंचीवर छाटायचे, जबाबदारी माझी. गाडीवाले कुरकुरले. कुरकुरू देत. मायाळू चारही खांबांवरून वर गेलीय आणि भजी प्रत्येक घरात पोचलीत.

काकांचा प्रश्न काही सुटलेला नाही. रविवारी सकाळी तर जीव नकोसा करतात. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी आणि खालून हाक, "सुनंदा, आज काय सांगू?" गॅसवर दूध असतं, कुकरची शिट्टी होत असते, आणि मला बाल्कनीत येऊन भांडावं लागतं.

परवा मी चिडूनच ओरडले, "सांगा दादांना, शेवगा चावून चावून शेवटी थुंकायचा! मायाळूचं देठसुद्धा पोटात जातं!"

"हे फार झालं हां!" काका खालून हात नाचवत म्हणाले. चेहरा फुललेला.

मग रिक्षाकडे निघाले. दूध उतू गेलं तरी मी बघत राहिले. काकांचे ओठ हलत होते. वाटेत विसरायला नको, म्हणून माझं वाक्य घोकत चालले होते.