अंगठ्याचं नख

काकासाहेबांना माणूस बघताक्षणी ओळखता येतो, असं त्यांचं स्वतःचंच मत होतं. नवीन जालन्यात बियाण्यांची कंपनी चालवताना त्यांनी कुणाचा अर्ज कधी वाचला नाही. माणूस पाहिला की निकाल लागला.

कंपनीच्या बियाणं-प्लॉटवरच्या सुपरवायझरच्या मुलाखतीला कुंभार पिंपळगावची अर्पिता आली. शेतीची पदवी, पहिला वर्ग. कपाशीच्या कळ्या नखानं सोलून त्यांवर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, या क्रॉसिंगच्या मजुरीवर तिनं कॉलेजची फी भरली होती. त्यापायी वाढवलेलं अंगठ्याचं नख हिरवंकाळं पडलेलं. तिनं फाइल पुढे केली तेव्हा काकासाहेबांना नेमकं तेच दिसलं.

"हे काय नख, पोरी? हे हापिस हाये, वावर न्हाई. राधेश्याम, पुढचा पाठव."

पुढचा सुमित. बूट चकचकीत, नखं गुलाबी.

"बघ, कसा साहेब दिसून राह्यला," काकासाहेब राधेश्याम कारकुनाला म्हणाले. जागा सुमितला मिळाली.

सुमितनं हंगामभर बूट जपले. तो बांधावरूनच "बराबर चाललंय का?" विचारायचा, बायका "बराबर" म्हणायच्या. मुकादमानं आणलेल्या निम्म्या बायका नवख्या, त्यांना सोलायला नखंच नव्हती. कळ्या अर्धवट सोलल्यानं बियाण्यात भेसळ आली आणि हिवाळ्यात ते तपासणीत नापास झालं. सुमित गेला, आणि काकासाहेबांनी कानाला खडा लावला.

पुढल्या ऑगस्टात जागा पुन्हा निघाली. अर्पिताच्या आईनं, बेबीनंदाबाईनं, तिच्यासमोर ब्लेड ठेवलं.

"काढ ते नख. मागच्या साली त्यानंच घात केल्ता."

"अन् निवड न्हाई झाली तर? बिना नखाचं क्रॉसिंगला कोण घेईल मला?"

आईनं ब्लेड आणखी पुढे सरकवलं. अर्पितानं नख कापलं, लिंबानं बोटं घासली आणि जालन्याची एसटी धरली.

"हात दाखव," फाइल न उघडताच काकासाहेब म्हणाले. त्यांनी अंगठा उलटसुलट पाहिला. "सोलायचं नख कुठाय? हिनं कपाशीला कधी हात लावलेला न्हाई, राधेश्याम. औंदा मी फसत नसतो."

"साहेब, सात हंगाम केलेत. फाइलीत लिहिलंय."

"लिहितं कुणीबी. पुढचा पाठव."

पुढच्या हरिओमचं नख लांब आणि काळं होतं. पदवी घेऊन तो भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात त्याच नखानं मोबाइल उघडायचा. काकासाहेबांनी त्याला खुर्ची दिली.

अर्पिताला रडू आलं नाही, राग आला. तो गिळून ती दुसऱ्या दिवशी क्रॉसिंगचं काम मागायला अंगद मुकादमाकडे गेली. त्यानंही आधी अंगठाच पाहिला.

"महिन्या-दीड महिन्यानं ये, नख आल्यावर."

हंगाम तेवढाच उरला होता.